विलायती कॅप्सूल आणि डब्यातल्या गोळ्या

“तुला ठाऊक हाय का गो वयनी? आमची संध्या तुज्या पोरीसाठी गांजाची गोळी घेऊन येनार हाय.”

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. आई तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. भिंतीपलीकडे मी पलंगावर कुशीवर पडले होते, हात हिरव्या बादलीच्या काठावर. पाचव्या डोसचा तिसरा दिवस होता तो.

“गांजाची?” आई म्हणाली. “वन्सं, काहीतरीच काय.”

“रविवारी फोनवर तीच बोलली. विलायतेत उलटीवर देतात म्हनं. हितं कुनाला सांगू नको म्हनाली. आता जी गोष्ट सांगू नको म्हनतात ती बरी असती का?”

सूप पुन्हा वाजायला लागलं, पण लय चुकलेली.

त्या दोघींना एक गोष्ट माहीत नव्हती. संध्याताईला ती कॅप्सूल आणायला सांगणारी मी होते.

*

तेव्हा मी वीस वर्षांची होते. बाबा भातसानगरला, मुंबईला पाणी देणाऱ्या धरणाच्या ऑफिसात कारकून होते, आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. शाळा शहापूरला झाली, इंग्रजी माध्यमाची. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये मी गप्प. लिहायला सांगा, पानं भरून देईन. बोलायला सांगितलं की घसा आवळायचा. दुकानात मला हवं ते मागायचं असलं तरी आधीचं गिऱ्हाईक जाईपर्यंत मी बाजूला उभी राहायचे.

आज हे लिहिते आहे ते अशाच कुणा गप्प माणसासाठी. आजार कुठला, औषधं कुठली, हे तुमचे डॉक्टर सांगतील. मला जे कळायला पाच डोस लागले ते तुम्हाला पहिल्याच डोसला कळावं, एवढंच.

*

मानेवर गाठ होती, सुपारीएवढी. दुखत नव्हती म्हणून चार महिने तशीच राहिली. मग शहापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि एका सोमवारी आम्हाला निकालासाठी बोलावलं.

डॉक्टर भरभर इंग्रजीत बोलले. फॉर्मवरचं माझं अक्षर पाहून त्यांनी ठरवलं असावं की हिला कळतं. कळलंच. लिम्फोमा. ट्रीटेबल. सहा महिने, पंधरा दिवसांनी एक डोस, एकूण बारा. शेजारच्या खुर्चीवर बाबा मान हलवत होते. प्रत्येक वाक्याला “येस सर” म्हणत होते.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हणाले गो?”

“गाठींचा आजार आहे,” मी म्हणाले. “औषधांनी बरा होतो.”

कॅन्सर हा शब्द मी गाळला. माझ्या मते मी बाबांना वाचवलं होतं. आमच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती, मराठीत, मोठ्या अक्षरांत ‘कर्करोग बाह्यरुग्ण विभाग’. बाबा रोज दहा फायली वाचणारा माणूस. त्यांनी ती माझ्या आधी वाचली होती. ते उठले, कोपऱ्यातल्या नळावर ओंजळीने पाणी प्यायले, तोंड पुसत परत आले आणि म्हणाले, “आपलंच पाणी आहे. भातसाचं.”

त्या दिवसापासून आमच्या घरात बरं नसलेलं काहीही कुणी बोलेनासं झालं.

*

डोस मंगळवारी असायचा, पहाटे निघायचं. सातला रक्त द्यायचं, दहाला रिपोर्ट. पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तर पुढे, नसतील तर घरी. मग डॉक्टरांसमोर दोन मिनिटं. मग खुर्ची, सुई आणि ते लाल औषध. कोकम सरबताच्या रंगाचं. तीन डोस झाल्यावर आईने पाहुण्यांसाठी कोकम सरबत केलं आणि मी नुसता ग्लास बघून मोरीकडे पळाले. अजूनही मी कोकम पीत नाही.

चांगल्या गोष्टीही होत्या. एक नर्स सुई टोचायच्या आधी माझ्या हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची, शीर वर यावी म्हणून. वॉर्डातल्या मावशी कापलेलं लिंबू फडक्यात बांधून द्यायच्या, वास घ्यायला. “गाडीत लागेल तेव्हा हुंग,” म्हणायच्या. केस गेले तेव्हा आत्याने मुरबाडच्या बाजारातून तीन रंगांचे स्कार्फ आणले आणि आरशासमोर बसवून स्वतः बांधले. “बाय, आता तू विमानातली बाई दिसतेस,” म्हणाली. मी पुष्कळ दिवसांनी हसले.

आत्याचं गाव मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मी आजारी पडल्यावर ती शेत दिरावर टाकून आमच्याकडे येऊन राहिली. आई घर बघायची, आत्या मला बघायची. औषधांचा डबा तिच्या ताब्यात होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकण घट्ट बसणारा.

डॉक्टरांसमोरची ती दोन मिनिटं मात्र नेहमी सारखीच जायची.

“हाऊ आर यू? कशी आहेस?”

माझ्याआधी बाबा उत्तर द्यायचे. “बरी आहे साहेब. एकदम बरी.”

“उलट्या?”

“तेवढं चालायचंच साहेब.”

“गोळ्या वेळेवर?”

“वेळेवर, वेळेवर.”

डॉक्टर लिहायचे. बाबा खोटारडे नव्हते. त्यांच्या लेखी एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या पोरीला हात लावला, आता त्याच्यासमोर रडगाणं गायचं म्हणजे त्याच्या औषधाला नावं ठेवायची. तक्रार करणाऱ्याची फाईल खाली जाते, हे त्यांनी तीस वर्षं ऑफिसात पाहिलं होतं. आणि मी? मला शब्द सापडेपर्यंत पुढचा नंबर पुकारलेला असायचा.

*

खरं काय होतं ते सांगते. चार दिवस. डोसच्या संध्याकाळपासून चार दिवस काहीही पोटात राहायचं नाही. पाणीसुद्धा परत यायचं. पहिल्या डोसला हे दोन दिवस होतं, पाचव्याला चार झाले. मरायची भीती मला फारशी वाटली नाही. ती लांबची गोष्ट होती. भीती वाटायची बादलीची.

पाचव्या डोसनंतर मी मनात ठरवलं होतं, सहावा घ्यायचा नाही. कुणाला सांगणार नव्हतेच. त्या पहाटे उठायचंच नाही, एवढाच बेत होता.

त्याच्या आधी एक शेवटचा उपाय म्हणून मी पत्र लिहिलं होतं. संध्याताईला, इंग्रजीत.

संध्याताई म्हणजे आत्याची मुलगी. मुरबाडच्या त्या गावातून नर्सिंग शिकलेली पहिली, आणि दोन वर्षांपासून इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरीला. तिच्या एका जुन्या पत्रात तिने तिच्या वॉर्डातल्या कॅप्सूलबद्दल लिहिलं होतं. नॅबिलोन. मी ते नाव वहीत टिपून ठेवलं होतं. ती मिळेल का, म्हणून विचारलं.

तिचं उत्तर लांबलचक होतं. ही कॅप्सूल झाडापासून काढत नाहीत, तिने लिहिलं होतं, कारखान्यात बनवतात. गांजात जो नशा आणणारा घटक असतो त्याच्या घडणीशी मिळतीजुळती. मेंदूत त्या घटकाला बसायला नेमक्या जागा असतात, तिथेच ही जाऊन बसते. कुलूप तेच, किल्ली दुसऱ्या लोहाराची. उलटीची उबळ उठवणाऱ्या भागाला ती शांत करते. पण त्याच जागा मेंदूत इतरही ठिकाणी असतात, म्हणून झोप येते, तोंड कोरडं पडतं, उभं राहिलं की रक्तदाब उतरतो. “पहिल्या दिवशी आम्ही कुणालाही एकटं उठू देत नाही. एक म्हातारी ती घेऊन जेवणभर हसत होती. दुसऱ्या एकीला वाटलं की छत खाली येतंय, ती रात्रभर माझा हात धरून बसली.”

पुढे लिहिलं होतं, “नेहमीची औषधं हरली तरच देतात. तुझी कुठली हरली?”

मी उलट टपाली लिहिलं, “सगळी.”

तिने विश्वास ठेवला. तिच्या एका मैत्रिणीच्या आईचा उपचार संपला होता, काही कॅप्सूल उरल्या होत्या. गणपतीला घरी येताना त्या ती बॅगेत घालून आणणार होती.

*

आत्याचं ते बोलणं ऐकल्यावर मी दोन दिवस नीट झोपले नाही. ‘गांजा’ हा शब्द मी एकदाही वापरला नव्हता. इंग्रजीत ते सगळं किती स्वच्छ वाटायचं. आत्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं की मी कुणाला काय आणायला सांगितलंय.

उभं राहण्याइतकी ताकद आल्यावर मी आईला लायब्ररीत जाते सांगून शहापूरला गेले. बाजारपेठेतल्या एका मेडिकलवाल्या काकांकडून आमची औषधं यायची. गिऱ्हाइकं जाईपर्यंत मी थांबले, मग चिठ्ठीवर नाव लिहून काउंटरवर सरकवली.

काकांनी चष्मा वर केला, चिठ्ठी वाचली, मागचं जाडजूड पुस्तक काढलं, पानं चाळली.

“हे आपल्याकडे येतच नाही, बेटा. कोणी सांगितलं?”

मी बोटाने लांबचा इशारा केला. त्यांना समजलं.

“परदेशातून कोणी आणतंय?”

मी चिठ्ठीची घडी घातली.

“मग ऐक. या औषधाची आपल्या देशात नोंद नाही. म्हणजे मी काय, कोणताही दुकानदार ते विकू शकत नाही. दुसरं असं, की हे गांजाच्या खानदानातलं. गांजातल्या मूळ घटकाचं नाव कायद्याच्या यादीत आहे. ह्याला नेमकं कुठल्या खान्यात बसवतील ते मी सांगू शकत नाही, वकील नाही मी. पण विमानतळावर जिच्या बॅगेत सापडेल तिला ते तिथे उभं राहून समजावत बसावं लागेल. दुसऱ्याच्या नावची बाटली असेल तर विचारूच नको. नोकरीवाली आहे?”

मी मान हलवली.

“मग नोकरी गेली समज.” त्यांनी पुस्तक मिटलं. “सरळ रस्ता असतो. स्वतःच्या उपचारासाठी परदेशी औषध मागवायची परवानगी मिळू शकते. डॉक्टरची चिठ्ठी लागते, सरकारी कागद लागतो. पण तो रस्ता तुझ्या डॉक्टरपासून निघतो, माझ्या काउंटरवरून नाही. आणि डॉक्टर पहिलं विचारेल, आधीच्या गोळ्यांनी काय झालं? त्या तर मीच देतो तुला. फरक नाही पडत?”

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तो पत्र्याचा डबा आला.

*

घरी येऊन मी आत्याकडे डबा मागितला. तिने झाकण उघडून दिलं. आत पाच डोसांच्या गोळ्या होत्या. दोन प्रकारच्या, डोसनंतर चार दिवस सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

यात लपवाछपवी काही नव्हती. आमच्या घरातला नियमच तो. उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही. आत्याच्या यजमानांनी एकदा रिकाम्या पोटी अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्यांना रक्ताची उलटी झाली, मुरबाडला न्यावं लागलं. तेव्हापासून तिचं ठरलेलं, “आधी चार घास, मग गोळी. नायतर आतडी जलतात.” आणि सुरुवातीला दोन, शेवटी चार दिवस मला घास जात नव्हता. रोज सकाळी आत्या पेज घेऊन यायची, मी दोन चमचे घ्यायचे, ते परत यायचं. ती म्हणायची, “राहू दे बाय. जेवलीस की देते.” तेवढे दिवस सरले की मी जेवायचे. तेव्हा उलट्या थांबलेल्या असायच्या, मग गोळी कशाला?

उलटी थांबवायची गोळी उलटी थांबायची वाट बघत डब्यात बसायची.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, औषधांच्या सोबतचा बारीक अक्षरांचा कागद हौसेने वाचणारी. मेंदूतल्या कुठल्या जागेवर काय बसतं ते मला पाठ होतं. गोळी मात्र एकदाही गिळली नव्हती. आणि संध्याताईला लिहिलं होतं, सगळी हरली.

“आत्या, ह्या उपाशीपोटी घ्यायच्या असतील तर?”

“असं कुनी सांगितलं?”

“कुणी नाही. आपण विचारलंच नाही.”

आत्याने विषय बदलला, पण खरं तर बदलला नाही. “बाय, ती गांजाची गोळी. शिवरात्रीला म्हाद्याच्या देवळामागं भांग घोटतात, तवा पोलीस येत नाय. मंग संध्याला कशाला पकडतील?”

मी मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. देशाच्या कायद्यात झाडाचं फूल आणि चरस गुन्ह्यात येतात, नुसत्या पानांना त्यातून वेगळं ठेवलंय. पानांसाठी राज्याचे वेगळे नियम, परवाने. कारखान्यातल्या गोळीला देवळाची सवलत नाही.

“म्हंजी पकडतील.”

“पकडू शकतात.”

आत्याने डबा बंद केला. “मंग तूच सांग तिला. तू बोलावलंस, तूच परतव.” तिला कधी कळलं कोण जाणे. ती मला रागावली मात्र नाही. ते जास्त लागलं.

*

संध्याताईचा फोन रविवारी शेजारच्या क्वार्टरमध्ये यायचा. त्या रविवारी आत्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. शेजारच्या काकू भाजी निवडत होत्या. तिकडून संध्याताई “हॅलो, हॅलो” करत होती. मी रिसीव्हर परत आत्याला दिला.

“अगो, ती बोलत नाय,” आत्या फोनवर ओरडली, जणू इंग्लंडपर्यंत आवाज तसाच न्यायचा होता. “ते आनू नको म्हन्ते... अगो, त्या हितल्या गोळ्या तिनं घेतल्याच नायत... नाय, येक पन नाय... मीच दिल्या नाय, झालं?”

बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळली.

“संध्या म्हन्ते, मंगलवारी डॉक्टरला तू सोताच्या तोंडानं सांगशील तर ती नाय आननार. तुज्या बापानं नाय, मी नाय. तू. नायतर ती घेऊन येनार, पकडली तर पकडली. मी वलखते तिला. आनलच ती.”

काकूंनी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

*

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट दुसरीकडे करायचा आहे.

मी बरी झाले. बाराही डोस झाले. सहाव्यापासून गोळ्या उलटी सुरू व्हायच्या आधीच घ्यायच्या, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. एक रिकाम्या पोटी, दुसरी दोन चमचे पेजेवर. दोन चमचे म्हणजे जेवणच, असं त्यांनी आत्याला हात जोडून सांगितलं, आणि आत्याने ते मान्य केलं. उलट्या पूर्ण थांबल्या नाहीत. चार दिवसांच्या जागी एक दिवस राहिला, आणि एक दिवस मला पुरण्यासारखा होता. त्या विलायती कॅप्सूलचं नाव डॉक्टरांना माहीत होतं. लागलीच तर परवानगीचे कागद आपण करू, म्हणाले. लागली नाही.

संध्याताई गणपतीला आली, तिच्या बॅगेत चॉकलेटं होती आणि माझ्यासाठी लोकरीचं कव्हर घातलेली गरम पाण्याची पिशवी. ती अजून माझ्याकडे आहे. आज ती तिथे सिस्टर इन्चार्ज आहे. त्या कॅप्सूलबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

तुमच्या घरातही असा एखादा नियम असेल, प्रेमातून आलेला, आणि असा एखादा डबा. उघडून बघा. आणि ‘बरी आहे’ हे उत्तर डॉक्टरांच्या काही कामाचं नसतं. त्यांना फाईलमध्ये लिहायला खरं लागतं, नाहीतर ते ज्या माणसावर उपचार करतात तो माणूस खुर्चीत नसतोच.

*

तो मंगळवार. रक्त दिलं, दहाला रिपोर्ट आला. आत्या पहिल्यांदाच सोबत आली होती, मांडीवर कापडी पिशवी. बाबा नळावर जाऊन पाणी पिऊन आले. आमचा नंबर पुकारला.

“हाऊ आर यू? कशी आहेस?”

“बरी आहे साहेब,” बाबा म्हणाले. “एकदम बरी.”

डॉक्टरांनी पेन टेकवलं. आत्याने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. ते घट्ट झाकण केवढ्याने वाजलं. ती बोलायला लागेल असं मला वाटलं. दोष आपल्यावर घ्यायची तयारी करून आली होती ती, चेहऱ्यावर दिसत होतं. पण तिने पदर तोंडावर धरला आणि माझ्याकडे बघितलं.

बाबाही बघत होते. दारात पुढचा पेशंट येऊन उभा होता. घसा आवळला, नेहमीसारखा. मी तो सुटायची वाट बघितली नाही.

“मी बरी नाही, डॉक्टर,” मी म्हणाले. “मला चार-चार दिवस उलट्या होतात. तुम्ही दिलेली एकही गोळी मी घेतलेली नाही. आणि बाबा, मला कॅन्सर आहे.”